निळा फेज काढल्यावर

परीक्षक मॅडमनी निळ्या फेजचा फ्यूज उपसून हातात धरला, आणि माझी मोटर थांबली न्हाय.

थांबायला पायजे होती. आवाज तेवढा बदलला. आधी घूं करत होती ती आता अडलेल्या म्हशीसारखी कण्हायला लागली, टेबल बारीक थरथरलं, आणि टेबलावरचा माझा टेस्टर गोल फिरून मॅडमकडं तोंड करून थांबला, जणू तोच चुगली करायला निघालाय. स्टार्टरातल्या प्रिव्हेंटरचा लाल दिवा लागला. म्हंजी त्याला कळलं होतं. त्या डबीचं काम एवढंच असतंय: तीन फेजवर चालणाऱ्या मोटरचा एक फेज गेला की बोंब मारायची आणि मोटर बंद पाडायची, न्हायतर उरलेल्या दोन फेजवर सगळं ओझं येतंय आणि आतलं वायंडिंग जळून जातंय. बोंब त्यानं मारली. ऐकणारं कुणी नव्हतं. आमच्या घरी आबा, माझे वडील, बाजेवर बसून सांगत्यात, दार लावा, कुत्रं येईल. सगळी हूं म्हणून जेवत ऱ्हातात, आणि कुत्रं येतं. तसा तो लाल दिवा. मी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्या उजव्या हाताकडं. अंगठा आणि शेजारचं बोट. दोन वायरी एकत्र धरून पीळ मारताना ती जशी वाकतात तशी आत्ताबी वाकलेली होती, आणि तोंडावर असा भाव, बोटांना तोंड असतं तर, की आमी काय केलं, रोजचंच केलं.

रोजचंच. आमच्या शेळगावात नवा स्टार्टर आला की आधी नारळ फुटतो, मग उदबत्ती, मग हळदीकुंकू, मग झाकण उघडून प्रिव्हेंटर बाजूला. ह्या क्रमात कधी फरक पडलेला मला आठवत न्हाय. कारण लाईट येती तवा तिन्ही फेज येतीलच असं काय लिहून दिलेलं न्हाय. दोनच आले तर प्रिव्हेंटर म्हणतो थांबा, आणि ऊस म्हणतो मी थांबत न्हाय. उसाचं ऐकावं लागतं. मग त्या डबीच्या दोन वायरी सोडवायच्या, एकीला एक पिळायची, गेलेल्या फेजच्या जागी कंडेन्सर लावायचा, की मोटर दोन फेजवर कण्हत कुंथत पाणी वढती. ह्याला बायपास म्हणतात, आणि पंचक्रोशीत हे सगळ्यात झटक्यात ज्याला जमतं तो मी, जोतीराम. रामहरी मास्तरानं एकदा घड्याळ लावून बघितलं होतं, नारळाचं पाणी खाली पडंस्तवर माझा पीळ झालेला. वीस-बावीस वर्षं मी दुसरं काय केलं असं कुणी विचारलं तर सांगता येतं: जळालेल्या मोटरी भरल्या, म्हंजी आतलं वायंडिंग नवं गुंडाळलं. तांब्याची तार, पिवळा कागद, वार्निशचा वास. बायपास माझाच, जळालेली मोटर बी माझ्याच अंगणात, आणि माणूस जाताना म्हणणार, तात्या, तुमी हाय म्हणून बरं. मलाबी तसंच वाटायचं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकीशी काय संबंध असंल असा विचार मला कधी शिवला न्हाय, किंवा शिवला असंल, पण मी त्याचा बी बायपास केला असंल.

मोटर कण्हत होती. मॅडमनी फ्यूज तसाच हातात धरला होता, बाजारात वांगं धरून बघावं तसा. तिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पायात सेफ्टी बूट, आणि चेहऱ्यावर सकाळपासनं काहीच न्हाय. सकाळी त्यांनी सगळ्यांची जोडणी नुसती नजरेनं तपासली, स्टार्टराचं झाकण न उघडता. माझ्या जोडणीच्या पाटीपुढं जरा जास्त थांबल्या. वायरी कशा ओळीत, वळणं कशी काटकोनात, स्क्रू कसे एका दिशेला. माझं काम सुबक असतं हे मी सांगायला नको. त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि तेवढ्यात मी वाकून वाचलं: वीसपैकी वीस. दुपारच्या डब्याला मी ते वीस चपातीबरोबर खाल्ले. दुपारचा भाग वेगळा. आमी सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली थांबायचं, आणि आमचे अविराज सर आत जाऊन प्रत्येकाच्या पाटीत गुपचूप एक दोष पेरून ठेवणार, कुठं वायर ढिली, कुठं कॉइल तुटलेली. मग एकेकानं आत जायचं, मॅडम मोटर चालवून बघणार, काय बिघडलंय ते आपण शोधायचं. आत जायच्या आधी सर माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "काका, तुमच्यात मी काही ठेवत नाही. पोरांना अर्धं तुम्हीच शिकवलंय. तुम्हाला काय शोधायला लावू. मॅडमना सांगा, दोष नाही, सगळं ठीक." सरांचं वय एकोणतीस. माझं त्रेचाळीस. ते मला काका म्हणतात आणि मी त्यांना सर, आणि दोघांनाबी त्यात काय वावगं वाटत न्हाय, बघणाऱ्याला वाटतं.

बघणाऱ्याला पहिल्या दिवसापासनंच वाटत होतं. बारामतीतलं हे खाजगी आयटीआय. गेटवर वॉचमन म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." मी म्हणलं, मी विद्यार्थी. तो म्हणाला, "व्हय, आन् मी प्राचार्य." मग पावती बघितली आणि इतका ओशाळला की दोन वर्षं मला सलाम करतोय. निळा शर्ट, गडद निळी पँट, खिशावर बिल्ला. लीलानं, माझ्या बायकोनं, पहिल्यांदा तो ड्रेस घातलेला बघितला तवा ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "पाटी-दप्तर कुठंय?" एसटीच्या पासावर फोटो माझा आणि वर लिहिलेलं विद्यार्थी सवलत; कंडक्टर तो पास उलटा करून, उजेडाला धरून, वासबी घेऊन बघायचा. आणि पालकसभा. नोटीस निघाली, पालकांना आणणे सक्तीचे. मी सरांना म्हणलं माझं काय, ते म्हणले नियम नियम असतो काका, वरून तपासणी आहे. मग मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आबांना धोतर-टोपी घालून बारामतीला आणलं. पोरांच्या आयांच्या मधी आबा काठीवर हनुवटी ठेवून बसले. सरांनी प्रत्येकाचं सांगितलं, आबांपुढं आले आणि घाबरून म्हणाले, तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त वर्गात बोलतो फार. आबा म्हणाले, "ल्हानपनापास्नं तसाच हाय. हाना त्याला. माझी परवानगी हाय." येताना एसटीत त्यांनी मला खिशातनं काढून लिमलेटची गोळी दिली. पस्तीस वर्षांनी. मी ती चघळत वालचंदनगरच्या वळणापर्यंत खिडकीबाहेर बघत ऱ्हायलो, आणि माझ्या इतकं ध्यानात हाय की त्या वेळी मला जगात काहीच कमी नव्हतं.

कमी एकच होतं, आणि त्यापायीच हे सगळं. सही. गावातली अर्धी घरं माझ्या हातनं उजळली. पण नवीन घराला मीटर घ्यायचं तर वीज ऑफिसात एक कागद लागतो, की ही वायरिंग तपासली, सुरक्षित हाय, आणि खाली परवानावाल्या माणसाची सही. परवाना माझ्याकडं न्हाय. माझ्याकडं दहावी नापासाचा दाखला, दहावी पुन्हा बसून काढली तवा कुठं इथं प्रवेश मिळाला. तर जयवंताच्या घरी, जयवंता आमची चुलतबहीण, नवरा गेल्यावर तिनं दोन खोल्या बांधल्या, तिथं मी तीन दिवस राबलो. अर्थिंगचा खड्डा स्वतः खणला, मीठ-कोळसा भरला. मग इंदापूरहून परवानावाला एकजण गाडी घेऊन आला. गाडी रस्त्यावरच. काच खाली झाली, हात बाहेर आला, कागद आत गेला, सही होऊन बाहेर आला, काच वर. घराकडं त्यानं मान बी फिरवली न्हाय. मी हातात पाना घेऊन उभा होतो. धूळ खाली बसल्यावर जयवंता म्हणाली, "तात्या, त्यो इंजिनेर व्हता व्हय?" मी व्हय म्हणलं. पण त्या सहीकडं बघून मला कसं वाटलं ते सांगता येत न्हाय. पोर माझं आणि बारशाला नाव दुसऱ्याचंच लावलं, असं. रात्रभर विचार करून न्हाय, तिथल्या तिथंच, उभ्या उभ्याच मी ठरवलं की आपल्या कामाखाली आपली सही पायजे. आज ही परीक्षा पास झाली की सर्टिफिकेट, सर्टिफिकेटावर परवाना, परवान्यावर सही. नापास झालो तर पुढच्या वर्षी पुन्हा, आणि आबा काय पुन्हा पालकसभेला येत न्हायत, त्यांनी सांगितलंय.

"छान," मॅडम म्हणाल्या.

कशाला छान म्हणाल्या ते मला कळलं न्हाय. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, सरांकडं बघत होत्या. "छान दोष ठेवलाय सर. सगळे आपले ढिल्या वायरी ठेवतात. हा बाहेरच्या जगातला आहे. एवढी सुबक जोडणी, आणि मोटर जळणार."  सरांचा चेहरा पांढरा, मग हळूहळू तांबडा झाला. त्यांनी काही ठेवलंच नव्हतं, आणि त्यांनी काही ठेवलं न्हाय हे मला ठाऊक हाय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघून डोळे एकदा मिटले आणि उघडले. गप ऱ्हावा काका. मॅडमनी माझ्यापुढं कागद सरकवला. "शोधा. दहा मिनिटं."

मी आधी लाल बटण दाबून मोटर बंद केली. हे मी न सांगता केलं, कारण मला तो आवाज सहन होईना. गंमत अशी की हाच आवाज मी वीस वर्षं ऐकतोय. शेताच्या बांधावर झोपून ऐकलाय, त्याच्यावर झोप लागलीय, तो म्हंजी पाणी चालू, म्हंजी सगळं बरं चाललंय. आणि इथं ह्या स्वच्छ फरशीवर, पंख्याखाली, तोच आवाज ऐकून मला तांब्याची तार काळी पडताना दिसायला लागली. नाकात वार्निश. मोटर बंद झाली तवा खोलीत एवढी शांतता झाली की दारात वाट बघत उभा असलेला विशाल, हा वर्गातला सगळ्यात आगाऊ, म्हणाला तेबी ऐकू आलं: "तात्यांना दहा मिनिटं म्हंजी लय झाली. तेवढ्यात घर बांधतील." मी झाकण काढलं. चार सेकंद लागले असतील. पाचवा मी उगीचच लावला. प्रिव्हेंटरच्या दोन वायरी, त्याच्या डोक्यावरनं एकमेकीच्या गळ्यात पडलेल्या, घट्ट, तीन वेढ्यांचा पीळ, टोक आतल्या अंगाला दुमडलेलं. टोक आत दुमडणारा पंचक्रोशीत मी एकटाच. दुसरे तसंच सोडतात आणि मग बोटाला टोचतं. एखाद्याला स्वतःचं हस्ताक्षर भिंतीवर सापडावं आणि वर लिहिलेलं असावं, इथे कोण मुतले, तसं झालं. सकाळी ह्याच हातानं हे केलं आणि मला पत्ता न्हाय. वायरी ओळीत लावताना मी मनात जयवंताच्या कागदावर सही करत होतो, लपेटदार, खाली दोन टिंबं, आणि सहीत मन गेलं की हात मोकळा सुटला आणि आपल्या गावाला निघून गेला.

मी पीळ सोडवला. वायरी जिथल्या तिथं जोडल्या. मोटर चालू केली, आणि ह्या खेपेला निळा फ्यूज मीच काढला. खट्. मोटर थांबली. इतकी सरळ, इतकी आज्ञाधारक थांबली की मला आतनं काहीतरी गोड वाटलं. लाल दिवा लागलेला आणि मोटर थांबलेली, दोन्ही एकाच वेळी, असं माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा बघत होतो. म्हंजी दोन वर्षं इथं बघत होतोच की, पण ते पुस्तकातलं. हे माझ्या पिळातनं सुटलेलं. आबांनी दार लावा म्हणलं आणि कुणीतरी उठून दार लावलं.

आता कागद. दोषाचे ठिकाण. प्रिव्हेंटर, लिहिलं. उपाय. बायपास काढून जोडणी पूर्ववत, लिहिलं. मधला रकाना मोकळा होता. दोषाचे कारण. सगळी पोरं तिथं लिहितात, परीक्षेसाठी ठेवलेला दोष. सरांनी तसंच शिकवलंय. तेवढं लिहिलं की जोडणीचे वीस शाबूत, दोष शोधायचे बी पूर्ण, सरांची अब्रू शाबूत, मॅडम खूश, आणि खाली माझी सही. खाली सहीची रेघ होती. मी ती आधी बघितली न्हाय हे खोटं ठरंल, मी तीच बघत होतो. माझी पहिली कामाची सही. आणि मला ती काच खाली होताना दिसली. हात बाहेर येताना दिसला. तो हात मी इतके दिवस दुसऱ्याचा समजत होतो, आणि आत्ता तो माझ्याच बाहीतनं बाहेर आलेला होता, बघितलं न्हाय तपासलं न्हाय, नुसती सही ठोकायची. त्यानं दुसऱ्याच्या कामाखाली आपली सही केली; मी माझ्या कामाखाली सही करणार पण काम सरांचं म्हणून सांगणार. ह्यात जास्त हलकट कोण ते ठरवायला मी थांबलो. पंखा फिरत होता. सरांचे डोळे माझ्या पेनावर. मी मधल्या रकान्यात लिहिलं: मी. मग ते फारच तुटक दिसलं म्हणून पुढं लिहिलं: वीस वर्षांची गावची सवय. सरांनी दोष ठेवला नव्हता. आणि खाली सही केली. लपेट यायला पायजे होता तसा आला न्हाय. टिंबं मात्र दोन्ही बसली.

मॅडमनी वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. सर खिडकीतनं लिंबाकडं बघत होते, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"हे खरं आहे?" त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम."

"लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं."

"व्हय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि सकाळपासनं पहिल्यांदा बसल्या. "माझं माहेर सुपे," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांची विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळते. दर उन्हाळ्यात. मी इंजिनिअर होऊन त्यांना सांगतेय स्टार्टर उघडून दाखवा, तर म्हणतात, तू त्यात पडू नको, आपला माणूस आहे त्यासाठी, देवमाणूस आहे." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सुप्याला कधी गेला होता?"

"न्हाय मॅडम. सुप्याला दुसरा कुणीतरी असंल."

"तुमच्यासारखाच."

"आमच्यासारखी लय हायत."

तवा त्या हसल्या. हसायचं न्हाय असं ठरवलेलं माणूस हसतं तसं, नाकातनं. मग रबर घेऊन माझे वीसातले वीस खोडले. खोडताना रबराचा चुरा झाला तो फुंकून टाकला, आणि तिथं लिहिलं: तीन. "हे तीन वायरींच्या वळणांचे," म्हणाल्या, "चुकीच्या कामाची इतकी सुंदर वळणं मी बघितली नाहीत." दोष शोधायचे पूर्ण दिले. बाकीचं सगळं मिळून बेरीज त्यांनी दोनदा केली, तोंडातल्या तोंडात, आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो, आबा डॉक्टरच्या ओठांकडं बघतात तसा. "पास," म्हणाल्या. "एका मार्कानं. त्या एका मार्काचं माझं एक काम करा. गावात असे बायपास किती आहेत?"

"एकशे चाळीस. शेजारच्या वाडीतले धरले न्हायत."

"मग परवाना आला की ते सोडवा, आणि पहिली सही तिथं करा."

बाहेर आलो तर विशालनं पोरांना सगळं सांगून ठेवलं होतं, आणि त्यातलं अर्धं खोटं होतं, म्हणाला तात्यांनी मॅडमच्या वडलांची मोटर जाळली. सर मागनं आले. मला वाटलं रागावतील. ते नुसते म्हणाले, "काका, माझं नाव तुम्ही त्यात लिहिलंत." मी म्हणलं, "ठेवला नव्हता असं लिहिलंय सर, चांगलंच लिहिलंय." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ते पण खरं." मग आमी दोघांनी गाड्यावर एकेक मठ्ठा घेतला. एसटीत मला खिडकी मिळाली. कंडक्टरनं पास बघितला, उलटा केला, आणि म्हणाला, "काय झाली का परीक्षा, बाळा?" मी म्हणलं झाली. उसाच्या पट्ट्यांमागं पट्टे, आणि मधनं मधनं पत्र्याच्या खोपट्या, प्रत्येकीत एक स्टार्टर. ह्या रस्त्यानं मी हजार वेळा गेलो असंन पण आज प्रत्येक खोपटीत मला एक नसलेला लाल दिवा लागलेला दिसत होता, भर उन्हात, आणि मोटर आपली चाललेली. भीती वाटायला पायजे होती. वाटली थोडी. पण जास्त करून असं वाटत होतं की कुणीतरी खूप वर्षं दार वाजवतंय आणि मला एकदाचं ऐकू आलंय, आणि दार उघडायला अजून वेळ हाय. लोक नाराज होणार हेबी दिसत होतं. तात्या शाळंत गेला आणि बिघडला, म्हणणार.

घरी आलो तवा लीला माळवदावर होती. यंदाच्या कुरडया आजच घातल्या होत्या. जुन्या लुगड्यांवर पांढरी चक्रं, लांबपर्यंत, आणि वारं सुटलेलं. लुगड्याच्या कडा उडू नयेत म्हणून चहूबाजूंनी वजनं ठेवलेली. ही वजनं म्हंजी प्रिव्हेंटर. वीस वर्षं मी ते काढून आणले, टाकवत न्हाय म्हणून कोनाड्यात ठेवले, आणि तिनं त्याचा संसार केला. जुन्या मॉडेलचे पावशेराचे, नवे हलके म्हणून दोन-दोन जोडीनं. काहींवर अजून हळदीकुंकू. मी जिना चढून वर उभा ऱ्हायलो आणि सांगितलं, पास झालो. ती कुरडई उलटत होती, थांबली न्हाय, पण कानातले हलले, म्हंजी हसली.

"किती मार्कानं?"

"एका."

"मंजी हुशार मार्कानं न्हाय."

"ह्ये सगळे प्रिव्हेंटर मला पायजेत," मी म्हणलं. "जिथले तिथं बसवायचे हायत. चांगले असतील ते. एकशे चाळीस."

तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, मग चहूबाजूंनी बघितलं, माळवदाच्या त्या टोकापासनं ह्या टोकापर्यंत, एकेक काळी डबी मोजल्यासारखी. "आन् माझ्या कुरडयांवर काय ठिवू?"

"दगड ठेव."

"दगडाची माती लागती लुगड्याला. पावनं खात्यात ह्ये." ती उठून उभी ऱ्हायली. "आनते खालनं धुऊन. पन तंवर हात लावायचा न्हाय."

मी हात लावला. जवळचाच एक उचलला, बघायला, आतली कॉइल धड हाय का ते, कानाशी धरून हलवला. तेवढ्यात वाऱ्यानं त्या कोपऱ्याचं लुगडं उचललं, दोन कुरडया घरंगळल्या, आणि मी पटकन पाय दिला. परीक्षेचा काळा बूट, पॉलिश केलेला, लुगड्याच्या काठावर.

"ऱ्हावा तसंच," लीला जिन्यातनं म्हणाली. "हलायचं न्हाय. मी येस्तवर."

खाली आबा विचारत होते, झाला का पास, कुणी सांगंना. लीला बादलीत पाणी ओतत म्हणाली, "झाला झाला, वर उभा केलाय." मी उभा होतो. निळा ड्रेस, खिशावर बिल्ला, एका हातात प्रिव्हेंटर, एका पायाखाली लुगडं. वारं येत होतं आणि कापड पायाखाली ओढ घेत होतं, आणि सुटत नव्हतं.